कळ थांबली, खडा आतच राहिला

प्रति,
मा. आयुक्त,
नवी मुंबई महानगरपालिका

महोदय,

माझे थोरले भाऊ तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. २६ वर्षं पाठीवर गोणी वाहिली. आता आठवड्यातून ३ दिवस, ४-४ तास डायलिसिसवर असतात. हे सगळं मुतखड्यापासून सुरू झालं, हे आमच्या कोपरखैरण्याच्या वसाहतीत अजून कुणाला पटत नाही. "मुतखड्यानं किडनी जाते होय? तो पडून जातो की!"

बऱ्याचदा जातोही. ५ मिलिमीटरच्या आतला खडा सहसा लघवीवाटे निघतो. दादांचा मोठा होता. रात्री कळ आली, एका दवाखान्यात इंजेक्शन घेतलं, चार दिवसांत दुखायचं थांबलं. आम्ही समजलो, पडला. तो किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत अडकूनच होता. अशा वेळी लघवी मागे तुंबते, किडनी फुगते आणि आतून झिजत जाते, पण कळ विरून गेलेली असते. दुसरी किडनी भार ओढते, म्हणून लघवी नेहमीसारखी होते, ज्यावरून किडनीचं काम कळतं ते रक्तातलं क्रिएटिनिनही बराच काळ ठीक दिसतं. दादांच्या दुसऱ्या किडनीतही खडे होते. पाय सुजले तेव्हा तपासण्या झाल्या. मध्ये दीड वर्ष गेलं होतं आणि कंबर दुखली की दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चालूच होत्या. त्याही किडनीला घातक, हे नंतर कळलं.

साहेब, त्या रात्री आम्हाला एवढंच कुणी सांगायला हवं होतं: दुखायचं थांबलं तरी परत या, सोनोग्राफी करा.

म्हणून मागणं एवढंच. पालिकेच्या वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या रुग्णालयांत आणि नागरी आरोग्य केंद्रांत मुतखड्याच्या पेशंटला घरी सोडताना केसपेपरवर सोनोग्राफी आणि क्रिएटिनिनची तारीख लिहून द्यावी. तो आला नाही तर आशाताईंनी घरी जावं. आणि मुतखड्याच्या दुखण्यात थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, हे मराठीत भिंतीवर लावावं.

दादा सांगतात, गाडी खाली होईपर्यंत पाणी प्यायला थांबायचं नाही, ही त्यांची सवयच होती. घाम गाळणाऱ्या माणसाची लघवी घट्ट होते, त्यातच खडा धरतो. बाजार समिती आपल्या हाताखाली नाही हे मला माहीत आहे, पण गाळ्यागाळ्यावर पिण्याचं पाणी असावं म्हणून आपण शब्द टाकावा.

मंगळवार, गुरुवार, शनिवार दादांचं डायलिसिस असतं. इतर कुठल्याही दिवशी बोलवा, त्यांची फाइल घेऊन मी येते.

आपली,
एका माथाडी कामगाराची बहीण