छापखान्याच्या काकांना, आमचा डाव वेळेत मांडून दिल्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं असतं तर "उगं जाहिरात कशाला करता रे" म्हणून दुकानातून हाकलून दिलं असतंत. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्ल्यांत लग्नपत्रिका छापणारे काही कमी नाहीत. ओळखायचं ते बरोबर ओळखतील.

आम्ही पोरं रविवारी क्लासची टेस्ट संपली की टेबलावरचं विमानयुद्ध खेळतो. जास्त करून 'विंग्ज ऑफ ग्लोरी'. पहिल्या महायुद्धातली विमानं, प्रत्येक विमानाला हालचालींच्या पत्त्यांची आपली गड्डी. एका फेरीला तीन पत्ते पालथे लावायचे. मग सगळ्यांनी एकेक पत्ता एकदमच उलटायचा, त्यावरच्या बाणाप्रमाणं विमान सरकवायचं आणि अंतर मोजायच्या पट्टीच्या टप्प्यात शत्रू आला की गोळी झाडायची. पट्टीच्या निम्म्याच्या आत असला तर त्याला नुकसानीचे दोन पत्ते, त्यापलीकडं असला तर एक. खेळ असा सुटसुटीत. पण मांडामांड! कोणाचं विमान कोणतं यावर वाद, स्टँडच्या काड्या एका पिशवीत आणि विमानं दुसऱ्या, कॅमल जातीच्या दोन विमानांच्या गड्ड्यांवर अक्षर एकच असल्यामुळं पत्ते एकमेकांत मिसळलेले. डाव रंगात आला की कोणाच्या तरी घरून जेवायला बोलावणं आलंच.

तुम्ही आमच्याकडं आलात ते वहीचं बाइंडिंग द्यायला. चहा पिईपर्यंत बसलात आणि विचारलंत, "मागच्या वेळी आवरलं कोणी?" कोणीच बोललं नाही. आम्ही इंटरनेटवरून मांडणी लवकर व्हायच्या किती तरी युक्त्या गोळा केल्या होत्या, त्या सगळ्या डाव सुरू व्हायच्या आधीच्या. आवरण्याचा विचार एकातही नव्हता.

मग तुम्ही खिळ्यांचं, म्हणजे छपाईच्या शिशाच्या सुट्या अक्षरांचं सांगितलंत. ऑफसेट छपाई यायच्या आधी तुम्ही खिळे जुळवायचात. देवनागरीत काना, मात्रा, जोडाक्षरं धरून इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खण लागतात. छपाई झाली, फर्मा, म्हणजे जुळवलेला मजकूर, सोडला, की खिळे धुऊन त्याच दिवशी आपापल्या खणात. "नाहीतर उद्याची पत्रिका उद्या सुरूच होत नाही," असं म्हणालात. त्यातूनच आमचा पहिला घरचा नियम निघाला: ज्याचं विमान आधी पडलं त्यानं आधी आवरायचं. पडलेला माणूस एरवी मोबाईल काढून बसतो, नाहीतर बाकीच्यांना फुकटचे सल्ले देतो. आता तो आपलं खोकं भरतो आणि नुकसानीचे पत्ते गोळा करून पिसून ठेवतो. शेवटचं विमान उतरेपर्यंत पुढच्या डावाची निम्मी मांडणी झालेली असते.

खोकी तुमचीच. जाड पत्रिकांची उरलेली, एका विमानाला एक. आत विमान, स्टँड, काड्या, गड्डी आणि नुकसान मांडायचा तक्ता. झाकणाच्या आत कशात काय किती याची यादी तुम्ही छापून चिकटवलीत, म्हणून मोजायला कोणाची आठवण लागत नाही. पत्त्यांच्या प्लास्टिकवर रंगीत ठिपका लावायचा, हेही तुमचंच. लाल ठिपक्याचा कॅमल आणि निळ्या ठिपक्याचा कॅमल आता एकमेकांत जात नाहीत. आग, धूर, अडकलेली बंदूक यांच्या खुणा मात्र कोणाच्याच खोक्यात नाहीत. त्या टेबलाच्या मधोमध एका स्टीलच्या वाटीत असतात, लागेल त्यानं उचलायच्या.

विमान निवडायचा वाद चिठ्ठीनं मिटला. जोड्या ठरलेल्या: सॉपविथ कॅमलसमोर फॉकर डीआर वन, स्पाडसमोर अल्बाट्रॉस. चिठ्ठीत जे निघेल ते घ्यायचं, दुसऱ्या डावात बाजू बदलायची. उजवीकडं झटकन वळणाऱ्या कॅमलचा हट्ट धरणारा एक गडी आमच्यात आहे, तो अजून कुरकुरतो. कुरकुरू द्या.

सुरुवातीच्या जागेवर तुमचं आणि माझं जमलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, कापडावर दोन रेघा मारा आणि विमानं तिथूनच सोडा, टेबलाच्या काठापासून येण्यात फेऱ्या वाया जातात. बरोबर आहे, त्या फेऱ्यांत कोणी कोणाच्या टप्प्यातच नसतं. पण तुमच्या रेघा इतक्या जवळ होत्या, की पहिल्याच पत्त्याला गोळी लागायची आणि नशिबानंच अर्धा डाव ठरायचा. आम्ही रेघा मागं सरकवल्या, चार पट्ट्यांचं अंतर ठेवलं आणि पहिला पत्ता सरळच लावायचा असं ठरवलं. उशिरा आलेल्यासाठी पट पुन्हा मांडायचा नाही, पुढच्या फेरीला काठावरून आत यायचं. उंचीचे नियम तर चौघांच्या वर खेळत असलो की सरळ सोडून देतो. त्यानं खेळ थोडा सपाट होतो हे खरं. दोघंच असलो की घेतो.

सगळ्यात उपयोगी पडली ती प्रसंगांची कार्डं. विमानं कोणती, कोण कुठून, डाव कधी संपला म्हणायचा, सगळं एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर. उचललं की सुरू. त्यातलं एक कार्ड तुम्ही दोनदा वाचलंत, इंद्रलाल रॉयचं. कलकत्त्यात 1898 साली जन्मलेला हा पोरगा ब्रिटिशांच्या 40 नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये एसई फाइव्ह ए विमान उडवायचा. 1918 च्या जुलैत त्यानं दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळवले आणि 22 जुलैला फ्रान्समध्ये कार्व्हँजवळ फॉकर डी सेव्हन विमानांशी लढताना पडला. डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मरणानंतर मिळालं. "वय किती म्हणालास?" तुम्ही विचारलंत. एकोणीस म्हटल्यावर कार्डाचं लॅमिनेशन फुकट करून दिलंत. आमच्याकडची बाकीची सगळी कार्डं अजून साधीच आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

त्या दिवशी वहीच्या बाइंडिंगचे पैसेही तुम्ही घेतले नाहीत. ते या वेळी घ्यावेच लागतील, कारण काम मोठं आहे. दुसऱ्या महायुद्धाचा संच मागवलाय. त्यातलं सामान तुमच्या नेहमीच्या खोक्यात बसणार नाही. लग्नसराईतली एखादी मोठी पत्रिका, ती गणपतीच्या चित्राची पेटीवाली, तिची आठ-दहा खोकी उरली असतील तर बाजूला काढून ठेवा. शनिवारी संध्याकाळी येतो.

आपली,
रविवारची पोरं
लातूर