धोतर माझ्याकडे आहे

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

पत्र बघून घाबरू नका, सगळे बरे आहेत. फोनवर सांगायला गेलो की आई मधेच "जेवलास का" विचारते, बाबा मागनं "काय म्हणतोय काय म्हणतोय" करतात आणि मुद्दा राहूनच जातो, म्हणून लिहून काढतोय. ताईला पाठवलंय, ती मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून देईल.

तर पहिली गोष्ट. बाबा, तुमचं ते लग्नकार्याचं धोतर, जे आई गेले चार महिने कपाट, पेटी, माळा सगळीकडं शोधतीये आणि शेवटी भांडेवाल्या मावशींवर घसरलीये, ते माझ्याकडे आहे. मे महिन्यात निघताना बॅगेत टाकलं. विचारलं असतं तर तुम्ही "कशाला" म्हणला असता आणि "फोटोला" म्हणून सांगितलं असतं तर दिलंच नसतंत. पुरणाची चाळण पण माझ्याकडेच आहे. आणि छोटी पितळी परात. आई, मावशींना काहीतरी गोड करून खायला घाल प्लीज.

दुसरी गोष्ट, बाबा त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर माझ्या मागं पाइप आणि खोकी बघून म्हणाले ना, की दोघं कमावताय, विकत का घेत नाहीस, भंगारवाल्यासारखं काय घर करून ठेवलंयस. तेव्हा हसून सोडून दिलं पण डोक्यात राहिलं ते. विकत घेतलं होतं हो बाबा. तुम्हाला सांगितलं नव्हतं एवढंच. ऑनलाइन फोटोच्या दिव्यांचा सेट मागवला, दोन सॉफ्टबॉक्स दोन स्टँड, आणि तिसऱ्या दिवशी स्टँडचा प्लॅस्टिकचा खटका तुटून दिवा चिऊच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पडला. परत घेईनात, म्हणे वापरलेला माल. मग चिडून तो सेट उसवून बघितला तर आत काय, काळ्या कापडाची पेटी, चंदेरी अस्तर, तोंडाला पांढरं कापड. एवढंच! त्या दिवसापासून हे सुरू झालंय.

हार्डवेअरच्या दुकानात गेलो, म्हणलं पाऊण इंची पीव्हीसी पाइप द्या, एल्बो चार, टी चार. तो म्हणाला बाथरूम केवढंय? मी म्हणलं बाथरूम नाही, धोतर टांगायचंय. त्यानं मान वर करून बघितलं पण नाही, म्हणाला सोल्युशन देऊ का बरोबर. सोल्युशन नाही घेतलं, सगळे जोड नुसते दाबून बसवलेत, म्हणजे काम झालं की सुटं करून कॉटखाली जातं. पायाला पाच लिटरचा पाण्याचा कॅन बांधतो कारण पहिल्यांदा पंखा चालू राहिला आणि ती आख्खी चौकट शीड उभारल्यासारखी हॉलभर फिरली.

आता धोतरच का. आई, तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहितीये. भर उन्हात पापड घातले की प्रत्येक पापडाची सावली कशी कात्रीनं कापल्यासारखी पडते, आणि आभाळ आलं की सावली गायब. सूर्य तर तोच असतो, पण मधे ढग आला की मग आख्खं आभाळच दिवा होतं, उजेड सगळीकडनं येतो आणि सावलीला पडायला जागाच राहत नाही. धोतर म्हणजे माझा ढग आहे. मागनं बल्ब लावला की पुढच्या माणसासाठी दिवा बल्बाएवढा राहत नाही, चार फूट बाय सहा फूट होतो. नवं कापड आणून बघितलं पण त्याला खळ असते, उजेड मधे एकाच ठिकाणी गोळा होतो. तीस वर्षं धुतलेलं धोतर ते धोतर.

फक्त ते माणसाच्या जवळ पाहिजे. लांब नेलं की तेवढं मोठं धोतर पण परत छोटा दिवाच, आणि उजेडही भराभर उतरतो. छोटा दिवा एक हातावर असताना जेवढा उजेड, दोन हातांवर नेला की निम्मा नाही होत, चतकोर होतो. मला हे पुस्तकातनं कधीच कळलं नव्हतं, पाइप धरून मागंपुढं सरकवताना कळलं. विकतच्या दिव्याला बटण असतं, आपण बटण फिरवतो, सरकत नाही. बाबा, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे आहे.

मधे एक गडबड झाली होती तीही सांगून टाकतो, शिव्या घालू नका. सुरुवातीला मांडववाल्यांकडे असतो तसला पाचशे वॅटचा हॅलोजन आणला आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात आतनं फॉइल लावून बसवला, तोंडाला बटर पेपर. दहा मिनिटांत बटर पेपर भाकरीसारखा तपकिरी व्हायला लागला, वास आला, तुमच्या सुनेनं येऊन आधी बटण बंद केलं आणि मग माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. पेटलं नाही काही. बाबांनी वीज बोर्डात जन्म काढला आणि पोरगा पुठ्ठ्यात हॅलोजन घालतो, माहितीये मला, म्हणूनच सांगितलं नव्हतं. आता सगळे एलईडी आहेत, खोका हाताला कोमटसुद्धा लागत नाही.

पण एलईडीनं पण छळलंच. उड्या मारतानाचे फोटो काढायला लागलो तर प्रत्येक फोटोत आडवे काळे पट्टे. कॅमेरा बिघडला म्हणून दोन रात्री झोप नाही. मग आठवलं की बाबा लहानपणी सांगायचे, आपली लाइन पन्नास सायकलची. म्हणजे वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढंमागं होते, आणि दर वेळी दोनदा असा दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला कळत नाही, पण सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला बरोबर सापडतो, आणि स्वस्तातल्या बल्बात ते जास्तच. शटर शंभराव्या भागावर आणलं, पट्टे गेले! पण तेवढ्या सावकाश शटरला उडी पुसट यायला लागली, म्हणून जुना फ्लॅश घेतला सेकंडहँड. आणि बाबा, दिवाळीत तो आणणारे, तुम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याच्यामागं लागू नका. सेल काढले तरी आतल्या कपॅसिटरमधे तीनशे व्होल्टच्या आसपास राहतात, आणि तुम्ही काय मीटर लावून बघणार नाही, बोट लावून बघणार.

काय काय फोटो काढतो विचाराल तर खरंतर पोरखेळ आहे. आषाढीच्या आदल्या रात्री आम्ही भुईमुगाच्या शेंगांची दिंडी काढली. शेंगेला कंबर असते बघ, त्यामुळं उभी केली की माणूसच वाटतो. खाली कणकेचा गोळा, डोक्याला कापसाचा फेटा, काडीला भगव्या घोटीव कागदाची पताका, असे तीसेक वारकरी, आणि रस्ता गव्हाच्या कोंड्याचा. मी फरशीवर पालथा, कॅमेरा जमिनीला टेकलेला. मागनं टॉर्च आणि पुढनं तुमची पितळी परात धरली. आई त्या परातीतनं जो उजेड येतो ना, पिवळसर, सकाळी सातच्या उन्हासारखा, शेंगांच्या सालीवरची एकेक रेघ दिसते त्यात. त्याच जागी स्टीलचं ताट धरून बघितलं तर सगळे वारकरी दवाखान्यात ॲडमिट असल्यासारखे दिसले. मग धूळ उडावी म्हणून चिऊनं स्ट्रॉमधनं पिठाची फुंकर मारली, ती तिच्याच नाकात गेली, ती शिंकली आणि आख्खी दिंडी आडवी. परत उभी करेपर्यंत तिनं चोपदार खाऊन टाकला होता. दोनशे फोटो काढले त्यातला एक धड आला. बाबा तुम्ही अॅग्फा क्लिकच्या बारा फोटोंच्या रोलमधे आख्खी महाबळेश्वरची सहल बसवायचात, हे आठवून जरा लाज वाटली.

चाळणीचं काम वेगळं. टॉर्चपुढं धरली की चेहऱ्यावर, भिंतीवर उजेडाचे ठिपके पडतात. चाळण दिव्याजवळ असली की ठिपके मोठे आणि फिसकटलेले, भिंतीकडं नेत जावं तसे बारीक, रेखीव होत जातात. चिऊ त्या ठिपक्यांत उभी राहून म्हणाली मी बिबट्या आहे. तो फोटो ताईच्या फोनवर पाठवलाय, बघा.

गेल्या दिवाळीतला किल्ला पण असाच, तुम्ही दिलेले मातीचे मावळे, गणपतीच्या डेकोरेशनमधला निळा जिलेटीन पेपर टॉर्चला लावून चांदणं, आणि बुरुजामागं धूप. धूर समोरनं उजेड टाकला तर दिसतच नाही, मागनं टाकला की लगेच उठून येतो, हे कळायला अर्धा पुडा धूप गेला आणि शेजारचे काका दार वाजवून "सगळं ठीक ना" विचारून गेले.

आणि अंधारात टॉर्चनं लिहायचं. कॅमेरा वीस सेकंद उघडा ठेवायचा आणि चिऊनं हवेत टॉर्च फिरवायचा, जिथनं टॉर्च गेला तिथं रेघ उमटते. फ्रान्समधे १९४९ साली पिकासोनं असंच केलं होतं, ग्योन मिली म्हणून फोटोग्राफर होता लाइफ मासिकाचा, त्याच्या कॅमेऱ्यापुढं छोटा दिवा घेऊन हवेत चित्रं काढली. आमच्या पिकासोनं "आजी" लिहिलं. कॅमेऱ्याकडं तोंड करून लिहिल्यामुळं अक्षरं उलटी आली, आरशात बघावी तशी. मी कॉम्प्युटरवर सरळ करायला लागलो तर नाही म्हणाली, आजीला आरसा घेऊन बघायला सांग.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी लिहायला बसलो.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तुम्ही दोघांनी देव, कागदपत्रं, सिलिंडर सगळं वर चढवलंत आणि कॉटखालची अल्बमची पेटी राहिली. पाणी ओसरल्यावर मी आलो तेव्हा अल्बम विटेसारखा जड झाला होता. पानांच्या मधला तो पातळ कागद, कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला, ज्याचा आवाज लहानपणी मला फार आवडायचा, तो फोटोंच्या तोंडाला बसला होता. आणि मी काय केलं तर अल्बम गच्चीवर उन्हात ठेवला. फोटोवरचा थर जिलेटीनचा असतो, पाण्यात फुगतो, आणि तसाच वाळला की समोर जे असेल त्याला धरून ठेवतो, मग सुटत नाही. ओला होता तेव्हाच स्वच्छ पाण्यात ठेवून एकेक फोटो सावकाश सोडवायला पाहिजे होता, आणि मग सुटा सुटा सावलीत वाळवायचा. हे मला दोन वर्षांनी वाचताना कळलं. म्हणजे पुरानं भिजवले आणि मी घालवले. तुम्ही दोघं सगळ्यांना पुरात गेले म्हणूनच सांगता. मी पण तेच सांगत आलो.

त्यात तुमचा स्टुडिओतला फोटो होता, लग्नानंतर आठ दिवसांनी काढलेला, १९७८ चा. तो मला अजून डोळ्यासमोर दिसतो. मागं पडद्यावर रंगवलेला जिना आणि कारंजं, आई खुर्चीत, नवं घड्याळ दिसावं म्हणून हात पुढं घेतलेला, बाबांचा हात खुर्चीच्या पाठीवर, बाजूला स्टुलावर प्लॅस्टिकची फुलं. आणि आईच्या हनुवटीवरचा तीळ गायब! चाळीस वर्षं ऐकतोय आम्ही ते, "त्या मेल्यानं माझा तीळ खाल्ला". त्यानं खाल्ला नव्हता आई, तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिल मारायचे. काळा तीळ निगेटिव्हमधे पांढरट, पारदर्शक येतो, तिथं टोकदार शिसपेन्सिलनं भरलं की प्रिंटमधे कातडीत मिसळून जातो. त्यानं आपलं चांगलंच करायला बघितलं.

तो फोटो परत काढायचाय. दिवाळीत येतोय ते त्यासाठी. चादरीवर जिना आणि कारंजं मी आणि चिऊ मिळून रंगवतोय, तिनं कारंज्यात हंस घातलाय, तो मूळ फोटोत नव्हता आणि तो तसाही कोंबडीसारखा झालाय, पण आता राहू दे. आई, "या वयात कुठं फोटो, सगळ्या सुरकुत्या" हे आधीच म्हणून घे. धोतर जवळ लावलं की सुरकुत्या मवाळ होतात, जात नाहीत, आणि घालवायच्या पण नाहीयेत. पेन्सिल मी आणणार नाहीये.

मला फक्त माहिती पाहिजे, दोघांनी वेगवेगळं आठवा, एकमेकांना विचारू नका कारण मग बाबा म्हणतील तेच खरं होतं. आई म्हणायची दिव्यांच्या धगीनं डोळ्यात पाणी आलेलं, तर ते परातीएवढे मोठे दिवे होते का, आणि दोन होते का तीन? मोठा दिवा आईच्या डाव्या हाताला होता का उजव्या? मला आठवतंय त्याप्रमाणे बाबांच्या नाकाची सावली आईच्या बाजूला पडलेली, पण ते मी नंतर मनानं घातलेलं असू शकतं. जिन्याला पायऱ्या किती होत्या? आम्ही अकरा काढल्यात. आणि ती खुर्ची स्टुडिओतली होती हे माहितीये, पण काकांकडं जी वेताची आहे ती बरीचशी तशीच दिसते, तर ती चार दिवस मागून ठेवा. बाबा, पांढरा शर्ट नको, कुठलाही फिका रंग चालेल.

बुधवारी फोन करतो तेव्हा आधी हे, मग जेवलास का.

तुमचा,
बाळ

ता. क. धोतराच्या कडेला टांगायला आठ पितळी रिंगा ठोकल्यात. धुवून आणतोय, पण ते आता नेसायच्या कामाचं राहिलेलं नाही.