मोबाइल काढून घेण्याआधी

महोदय,

मुलांच्या ऑनलाइन खेळांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा ‘वेड’ या एका शब्दात. ती खेळतात कशासाठी, हे सहसा कोणी विचारत नाही. लातुरात ‘नीट’च्या तयारीसाठी आलेली काही मुले माझ्या घरी भाड्याने राहतात. त्यांतला परभणी जिल्ह्यातील एक मुलगा रोज रात्री हेडफोन लावून बसतो, म्हणून मी त्याला एकदा रागावलो, तेव्हा कळले की त्याच्या स्क्वॉडमधले, म्हणजे खेळातल्या चौघांच्या संघातले, उरलेले तिघे त्याच्याच गावचे आहेत: एक पुण्यात नोकरीला, एक छत्रपती संभाजीनगरात शिकायला आणि एक गावीच शेतीत. खेळात गोळीबार चालू असतानाच सोयाबीनचा भाव आणि कोणाचे लग्न जमले, याची चौकशी होते. “काका, आम्ही पारावरच बसलेलो असतो,” असे तो म्हणाला.

माणसे असे खेळ कशासाठी खेळतात, याचा विचार अभ्यासकांनीही केला आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये अनेकांनी मिळून खेळायचा, केवळ मजकुरावर चालणारा खेळ तयार झाला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक, रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: यश मिळवणारे, खेळातले जग धुंडाळणारे, माणसे जोडणारे आणि इतरांना जेरीस आणणारे. पुढे संशोधक निक यी यांनी सुमारे ३,००० खेळाडूंच्या उत्तरांवरून २००६ मध्ये दाखवले की खेळण्यामागच्या या प्रेरणा एकमेकींना मारक नसतात. चढाओढीची हौस आणि सोबतीची ओढ एकाच माणसात नांदू शकते. आमच्या भाडेकरूला रँकही हवी असते आणि मित्रही. क्लासच्या चाचणीत मागे पडलेल्याला हात द्यायला कोणी थांबत नाही. खेळात ‘नॉक’ झालेल्याला, म्हणजे मार खाऊन पडलेल्याला, उठवायला मात्र साथीदार धावतो.

अर्थात खेळ बनवणारेही भोळे नाहीत. सीझन, म्हणजे खेळाची ठरावीक मुदत, संपला की कमावलेली रँक खाली आणायची आणि रोज हजेरी लावणाऱ्याला बक्षीस द्यायचे, ही मुलाला बांधून ठेवणारी दोरीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अशा खेळांच्या विकाराची (गेमिंग डिसऑर्डर) नोंद आहे. पण तिथेही निकष खेळाच्या तासांचा नसून, खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, हा आहे. म्हणून मोबाइल हिसकावण्यापूर्वी पालकांनी आणि वसतिगृहचालकांनी, मुलगा कोणाबरोबर खेळतो आणि खेळ थांबवायचा म्हटले तर त्याला थांबवता येतो का, एवढे तरी विचारावे.

माझ्या घरी सध्या अकराला माइक बंद करण्याची अट आहे. शनिवारी रात्री मात्र मी घड्याळ पाहत नाही.

– एक घरमालक, लातूर