शेजाऱ्याने विचारले तर तो भोचकपणा कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंद सदनिकांतील घरफोड्यांविषयीची कालच्या अंकातील बातमी आणि तिच्या शेजारची सूचनांची चौकट वाचली. दागिने लॉकरमध्ये ठेवा, कॅमेरे बसवा, शेजाऱ्यांना सांगून जा, हे सारे सल्ले योग्यच आहेत. परंतु 'शेजारी कोण राहते हेही हल्ली ठाऊक नसते' या वाक्याने मी दिवसभर अस्वस्थ होते, कारण आमच्या कोथरूडच्या इमारतीत जे घडले ते शेजारी ठाऊक नव्हते म्हणून नव्हे, तर शेजाऱ्याला विचारायचीच चोरी झाली होती म्हणून घडले.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या समोरच्या काकू लेकीकडे अमेरिकेला गेल्या होत्या. जाताना तुळशीची कुंडी माझ्या दारात ठेवून, 'घराकडे लक्ष असू दे गं' असे त्यांनी दोनदा बजावले होते. एके दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास जिन्यात पावले वाजली आणि पाठोपाठ काहीतरी उचकटल्याचा आवाज आला. दाराच्या भिंगातून पाहिले तर टोप्या घातलेले दोन तरुण, एकाच्या खांद्याला हत्यारांची पिशवी. काकूंनी सुतारकाम काढले असेल, असे मनाला समजावले. 'कोण पाहिजे?' एवढेच विचारायला माझा हात कडीपर्यंत गेला होता, तो मी मागे घेतला. कारण महिनाभरापूर्वी जिन्यात घुटमळणाऱ्या एका अनोळखी माणसाला मी हटकले, तेव्हा तो वरच्या बिऱ्हाडाचा पाहुणा निघाला आणि सोसायटीच्या सभेत, सर्वांदेखत, 'कोणी कोणाच्या भानगडीत पडू नये' असे मला सुनावले गेले होते. अमेरिकेत मध्यरात्र असणार, म्हणून काकूंना फोनही केला नाही.

पाऊण तासाने धुण्याभांड्याच्या बाई आल्या आणि बाहेरूनच ओरडल्या, 'वहिनी, तुमच्या दाराला कडी कोणी लावली?' चोरांनी आमच्या मजल्यावरच्या तिन्ही दारांना बाहेरून कड्या घातल्या होत्या. काकूंचे कपाट तर फोडलेले होतेच, पण स्वयंपाकघरात तांदळाचा डबा फरशीवर उपडा केलेला होता. बायका दागिने कुठे ठेवतात, हे त्या चोरांना पक्के ठाऊक होते. काकूंच्या सासूबाईंची मोहनमाळ त्या तांदळातच होती. ती अजून मिळालेली नाही.

आमच्या इमारतीत आठ कॅमेरे आहेत. जिन्यातला बंद होता, आणि फाटकावरच्या कॅमेऱ्यात मुखपट्टी लावलेले दोघे जण आत येताना आणि बाहेर जाताना व्यवस्थित दिसतात. रखवालदाराला त्यांनी 'कुरिअर' एवढा एकच शब्द सांगितला होता. कॅमेरा चोर दाखवतो, त्याला अडवत नाही. अडवायला माणूसच दारात यावा लागतो.

१९७६-७७ साली जोशी-अभ्यंकर हत्याकांडाने पुणे हादरले होते, तेव्हा मी पाचवीत होते आणि आम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहत असू. अंधार पडला की दिंडीदरवाजा लावला जाई, वाड्यातले पुरुष आळीपाळीने ओट्यावर बसत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला 'कोणाकडे?' हा प्रश्न विचारला जाई. माझ्या सख्ख्या मामालाही तो विचारला गेला, आणि त्याला त्याचे काही वाटले नाही. तो एक प्रश्न आपण असभ्य ठरवला आहे. माझी विनंती पोलिसांच्याही आधी सोसायट्यांना आहे: जिन्यात अनोळखी माणसाला विचारणे हे रहिवाशाचे कर्तव्य आहे असा ठराव करा, आणि विचारणाऱ्याला सभेत अपमानित करू नका. विचारायचे धाडस झाले नाही, तर निदान ११२ क्रमांकावर फोन करा. तोही मी केला नाही, ही बोचणी मला आजन्म राहील.

पोलिसांविषयीही लिहिणे भाग आहे. मी चौकीत गेले तेव्हा 'मालक परदेशात आहेत, आधी साधा अर्ज द्या' असे सांगून मला दोनदा परत पाठवले आणि गुन्हा तिसऱ्या खेपेला नोंदवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घरफोडीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात, अगदी हद्दीबाहेरच्याही, देता येते आणि नोंदीची प्रत खबर देणाऱ्यास विनामूल्य मिळते. मालकानेच आले पाहिजे, अशी अट त्यात नाही. सूचनांच्या त्या चौकटीत ही माहिती असती तर वाचकांचा अधिक उपयोग झाला असता.

आणखी एक गोष्ट आपल्याशीच संबंधित आहे. या घरफोडीची बातमी आपल्या अंकात आली, तेव्हा तिच्यात इमारतीचे नाव, मजला आणि 'घरमालक आणखी दीड महिना परदेशात' हा तपशील छापलेला होता. कुलूप तुटलेल्या त्या घराची राखण पुढचा दीड महिना आम्ही तीन बिऱ्हाडांनी पाळीपाळीने केली. रात्री तिथे दिवा लावायचा आणि दारात पडलेली वर्तमानपत्रे सकाळी उचलायची, हे माझ्याकडे होते. अंक बंद ठेवावा असे काकूंनी जाण्याआधीच विक्रेत्याला कळवले होते, तरीही तो त्यांच्या दारात रोज पडतच राहिला. घर बंद असल्याची याहून ठळक पाटी दुसरी नाही. बंद घराचा पत्ता छापू नये आणि बंद ठेवण्यास सांगितलेला अंक दारात टाकू नये, या दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. कृपया त्या कराव्यात.

आपली,
एक जुनी वाचक, कोथरूड, पुणे