नामांची वही देणाऱ्या बाईंना उघड पत्र

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

निवृत्त झाल्यावर तुम्ही इंग्रजी नामांवरची वही आमच्या हवाली केलीत. तिच्या झेरॉक्स तालुकाभर फिरताहेत. नुसतं 'धन्यवाद' म्हणून भागणार नाही, काय उपयोगी पडलं ते सांगायला हवं.

प्रॉपर, कॉमन, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲबस्ट्रॅक्ट ही नामांच्या प्रकारांची यादी तुम्ही सरळ शेवटच्या पानावर टाकलीत, हे फार बरं झालं. ती पोरांना तोंडपाठ असते आणि वाक्य लिहिताना तिचा काडीचा उपयोग होत नाही. त्याऐवजी पहिल्याच पानावर तुमचा प्रश्न आहे : हे नाम मोजता येतं का? येत असेल आणि एकवचनी असेल, तर ते एकटं उभं राहत नाही. त्याच्याआधी अ, द, माय, धिस, एव्हरी असं काहीतरी लागतंच. 'आय बॉट पेन' यात काही राहिलंय हे मराठी कानाला जाणवत नाही, कारण आपल्याकडे 'अ', 'द' असं आर्टिकलच नाही. मोजता येत नसेल, तर 'अ' नाही आणि 'एस'ही नाही. इथं अंगवळणी पडलेली मराठी आडवी येते. आपण दोन सल्ले देतो, म्हणून मुलं 'टू ॲडव्हाइसेस' लिहितात; हवं 'टू पीसेस ऑफ ॲडव्हाइस'. आपले केस गळतात, इंग्रजीत 'हेअर' एकवचनात गळतं. उलट आपली कात्री एक, तर 'सिझर्स' कायम अनेकवचनी.

दुसरा भाग जागांचा. 'कुत्रा माणसाला चावला' आणि 'माणसाला कुत्रा चावला' यांत अर्थ बदलत नाही, कारण 'ला' प्रत्यय कर्म धरून ठेवतो. जुन्या इंग्रजीतही नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजले, अपॉस्ट्रफी-एस तेवढा उरला, आणि बाकीचं काम जागेवर आलं. 'द डॉग बिट द मॅन' उलटं केलं की माणूसच कुत्र्याला चावतो! तुमचा 'वॉटर'चा तक्ता आम्ही फळ्यावर जसाच्या तसा उतरवतो. 'वॉटर फ्रीझेस', इथं कर्ता. 'वी ड्रिंक वॉटर', कर्म. 'आइस इज फ्रोझन वॉटर', पूरक. 'फिश लिव्ह इन वॉटर', प्रिपोझिशननंतर. 'वॉटर टँक', दुसऱ्या नामाआधी. आणि मग 'वॉटर द प्लँट्स' लिहून विचारायचं, आता? नामाची पाठ केलेली व्याख्या इथं गप्प बसते. जागा पाहणारा मुलगा 'क्रियापद' म्हणून मोकळा होतो.

दुसऱ्या नामाआधी बसलेलं नाम बहुतेकदा एकवचनीच राहतं, ही तुमची तळटीपही मोलाची. 'पाच रुपयांचं नाणं' डोक्यात असतं म्हणून 'फाइव्ह रुपीज कॉइन' उतरतं; हवं 'फाइव्ह-रुपी कॉइन'. 'स्पोर्ट्स डे'सारखे अपवाद वेगळे लिहून ठेवायचे, झालं.

पण खरा जीव आहे तो मुख्य नामाच्या, म्हणजे क्रियापद ज्याच्याशी जुळतं त्या नामाच्या, पानात. 'या साड्यांचा रंग भडक आहे' यात रंग क्रियापदाच्या जवळ बसतो. इंग्रजीत तो पुढे जातो आणि मध्ये साड्या येतात : 'द कलर ऑफ दीज सारीज'. मुलाला शेजारी साड्या दिसतात, तो 'आर' लिहितो. तुमचा उपाय पेन्सिलीचा. 'ऑफ'पासून क्रियापदापर्यंतचं सगळं कंसात टाकायचं आणि उरलेलं मोठ्यानं वाचायचं : 'द कलर इज ब्राइट'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज' यालाही हाच कंस. फक्त कंसातलं नाम अनेकवचनी आहे ना, ते तपासायचं; 'माझा एक मित्र' म्हणायची सवय 'फ्रेंड'चा एस गिळते. कर्त्याशी क्रियापद जुळवताना चुकणारी मुलं या कंसानं सावरतात.

एका ठिकाणी मात्र आमचं दुमत आहे, रागावू नका. 'द टीम आर' तुम्ही सरसकट चूक धरलंय. संघातले खेळाडू वेगवेगळे डोळ्यांसमोर असतील तर ब्रिटिश इंग्रजीत ते चालतं. मुलांना आम्ही 'इज'च शिकवतो, पण 'आर' लिहिलं म्हणून गुण कापत नाही.

'द'चं पान तुम्ही अर्धवट सोडलंय. नद्या आणि पर्वतरांगांना 'द', एकट्या शिखराला आणि गावाला नाही, इथवर आहे : द गोदावरी, द सह्याद्री, पण कळसूबाई आणि नाशिक नुसतंच. पुढचं लिहून धाडलंत तर जूनच्या आधी झेरॉक्स काढून ठेवू.

आपले,
तालुक्यातले इंग्रजीचे शिक्षक