विसार देण्याआधी जुलैतलं महाबळेश्वर बघा

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

महाबळेश्वरजवळच्या मेटगुताडचं जे रिसॉर्ट साडेतीन कोटींना विकत घ्यायचं तुमच्या मनात आहे, त्याचे कागद आणि फोटो मिळाले. एजंटाला ३० मेच्या आत विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, हवाय, हेही वाचलं. आधी एवढंच मागते, की विसार आत्ता देऊ नका. पाच लाखही नाही, एकावन्न हजारही नाही. विसार पावतीवर सही झाली की भाव करायची आपली ताकद निम्मी होते, आणि हा सौदा भाव केल्याशिवाय घेण्यासारखा नाही.

तुम्ही दोघांनी ती जागा मे महिन्यात पाहिलीत. मेमध्ये महाबळेश्वरात प्रत्येक जागा सुंदरच दिसते. पण तिथली मालमत्ता टिकते की कुजते, हे जून ते सप्टेंबर ठरवतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या साधारण एक तृतीयांश. मध्ये अंतर जेमतेम अठरा-वीस किलोमीटर. पूर्वेकडे सरकाल तसा पाऊस झपाट्याने कमी होतो, त्यामुळे पाचगणी किंवा भिलारच्या बाजूची इमारत आणि मेटगुताडची इमारत यांचा देखभालीचा खर्च एकसारखा धरता येत नाही. एजंट मात्र दोन्हीचा भाव चौरस फुटावर एकाच सुरात सांगतो.

२०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. चारशे चौरस मीटरच्या छपरावर तेवढा पाऊस म्हणजे सव्वादोन लाख लिटरच्या वर पाणी, एका दिवसात. ते पन्हाळीतून कुठं जातं, ते जुलैमध्ये उभं राहून बघायचंय. पन्हाळ भरून वळचणीखालच्या भिंतीवर ओघळत असेल, तर त्या भिंतीच्या आतल्या खोल्या दरवर्षी रंगवाव्या लागणार.

ओल कशी शोधायची ते लिहिते, कारण विकणारा माणूस दाखवण्याआधी नवा रंग मारतोच. रुपयाचं नाणं घ्या आणि पश्चिमेच्या व नैर्ऋत्येच्या भिंतींवर, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, हलकेच ठोकत जा. पाऊस वाऱ्यासकट त्याच बाजूने मारतो. खणखणीत आवाज आला तर गिलावा धरून आहे. भद्द आवाज आला तर तो भिंतीपासून सुटलाय. मग कपाटाचं दार उघडून खालची फळी बोटाने दाबा. प्लायवूड फुगून पापुद्रे सुटले असतील, तर त्या खोलीत पावसाळाभर ओल बसते. गादी उचलून तिची खालची बाजू बघा, काळे ठिपके म्हणजे बुरशी. जुनी इमारत जांभ्याची आहे. जांभा पाणी पितो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते परत सोडतो. त्यावर कुणी सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट चढवला असेल तर पाणी आत कोंडतं आणि लोणा लागून, म्हणजे भिंतीतला क्षार वर येऊन, पोपडे पडतात. फोटोतल्या जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात मला तेच दिसतंय. असा गिलावा पूर्ण काढून चुन्यात परत करावा लागतो.

मागच्या उताराला जी संरक्षक भिंत आहे, तिच्यात पाणी निघायला तीन-चार इंची पाइप असायला हवेत, दर चार-पाच फुटांवर. भर पावसात त्यातून पाणी वाहत असलं तर चांगलं. भिंत ओली आणि पाइप कोरडे, असं असेल तर पाइप बुजलेत आणि पाण्याचा सगळा दाब भिंतीवर आहे. भिंतीला मध्यावर पोट आलंय का, हे दोरी लावून बघा. अशी भिंत पडताना मागच्या खोल्यांवर येते.

आता त्या मागच्या खोल्यांबद्दल, कारण माझा जीव तिथंच अडकलाय. बाबा, तुम्ही मंजूर नकाशाचा जो फोटो पाठवलात, त्यात मी खोल्या मोजल्या. आठच आहेत. प्रत्यक्षात बारा विकल्या जातायत. पत्र्याच्या छपराच्या मागच्या चार नकाशात नाहीत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झाला आहे. तिथं वाढीव बांधकाम 'नंतर दंड भरून नियमित करून घेऊ' असं चालत नाही, आणि अनधिकृत खोल्या पाडण्याच्या मोहिमा अधूनमधून होतच असतात. त्यामुळे हिशोब आठ खोल्यांचाच करायचा.

तो हिशोब आधी विक्रेत्याच्या बाजूने, बारा खोल्यांचा करून बघू. १५ एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा धरून ५० रात्री, ८० टक्के भरलेल्या, ५,००० रुपये दर: २४ लाख. दिवाळी आणि नाताळ ते नववर्ष मिळून २० रात्री, ९० टक्के, ६,००० रुपये: १३ लाख. ऑक्टोबर ते एप्रिलचे शनिवार-रविवार, ५० रात्री, निम्म्या खोल्या, ३,५०० रुपये: साडेदहा लाख. त्याच काळातल्या मधल्या वारांच्या सव्वाशे रात्री, दहा टक्के, अडीच हजार: पावणेचार लाख. धुकं बघायला येणाऱ्यांचे पावसाळी शनिवार-रविवार, २४ रात्री, पाव खोल्या, अडीच हजार: एक लाख ऐंशी हजार. एकूण ५३ लाख. दर आणि टक्के मी सढळ हाताने धरलेत. तरी वर्षाच्या सगळ्या रात्रींत मिळून खोल्या २८ टक्केच भरतात. एजंट 'बारा महिने साठ टक्के' म्हणतो.

खर्च: निम्मं बुकिंग ऑनलाइन साइटींवरून आणि त्यांचं कमिशन २० टक्के धरलं तर सव्वापाच लाख. आठ माणसं, सरासरी पंधरा हजार पगार, बारा महिने: साडेचौदा लाख. वीज, जनरेटरचं डिझेल आणि गॅस पाच लाख. धुलाई, चादरी, किरकोळ सामान चार लाख. पावसाळ्याची तयारी आणि नंतरची दुरुस्ती सहा लाख. पाण्याचे टँकर, घरपट्टी, विमा, हिशोबनीस मिळून चार लाख. स्वयंपाकघर ना नफा ना तोटा धरलंय. हातात १४ लाख राहतात. साडेतीन कोटींवर ते चार टक्के होतात. तुमच्या मुदत ठेवीवर याहून जास्त मिळतं, आणि ठेवीला पन्हाळ साफ करावी लागत नाही.

आठ खोल्या धरल्या की उत्पन्न ३५ लाखांवर येतं. खर्च मात्र तिसऱ्या हिश्शाने उतरत नाही, कारण माळी, वॉचमन, आचारी, जनरेटर, छप्पर तेवढंच राहतं. हातात जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून साडेतीन कोटी हा भाव मला मान्य नाही.

विक्रेत्याने दिलेला उत्पन्नाचा कागद टाइप केलेला आहे, त्याला किंमत नाही. तीन वर्षांची जीएसटी विवरणपत्रं महिन्यावार मागा आणि शेजारी वीजबिलं ठेवा. बिलातल्या युनिटांना खोटं बोलता येत नाही. ऑगस्टचे युनिट मेच्या पाव असतील तर ऑगस्टमध्ये साठ टक्के खोल्या भरल्या नव्हत्या. जीएसटी बघताना एक लक्षात ठेवा. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झालाय, त्यामुळे भरलेल्या कराची तुलना करू नका, करपात्र रकमेची करा.

जमिनीचं मी इथल्या वकिलांकडे दिलंय, पण सातबारा तुम्हीही नजरेखालून घाला. भोगवटादाराचा रकाना 'वर्ग २' म्हणत असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही आणि सरकारला नजराण्याची रक्कम भरावी लागते. ती कोण भरणार, हे करारात यायला हवं. 'इतर हक्क' रकान्यात कुळ, बँकेचा बोजा, किंवा 'राखीव वने' असा शेरा आहे का बघा. वनाचा शेरा असला तर मी पुढं एक शब्द बोलणार नाही, तो सौदा सोडायचा. बिनशेती आदेशात 'रहिवास' लिहिलंय की 'वाणिज्य', हेही बघायचं. बंगल्याच्या परवानगीवर रिसॉर्ट चालवलेलं असणं तिथं नवीन नाही. दुसऱ्या एजंटाने महाबळेश्वर गावातला जुना बंगला सुचवला असं आई फोनवर म्हणाली. तिथल्या कित्येक जुन्या बंगल्यांची जमीन सरकारी भाडेपट्ट्याची आहे. मुदत केव्हा संपते आणि नूतनीकरण झालंय का, हे कळेपर्यंत तो बघायलाही जाऊ नका.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला बाजारभाव) यांतली जी जास्त, तिच्यावर लागतं. सहा टक्के धरून चला, म्हणजे साडेतीन कोटींवर २१ लाख. नोंदणी फी तीस हजारांच्या वर जात नाही. मालमत्ता ५० लाखांच्या वर असल्याने एक टक्का टीडीएस आपण कापून भरायचा असतो. तो राहिला तर व्याज आपल्याला लागतं, विक्रेत्याला नाही.

आणि हे वेळेचं गणित. तुम्हाला मेअखेरीस घाई का केली जातेय? मेअखेरीस विकणारा माणूस पीक काढून रान विकतोय. हंगामाची सगळी कमाई त्याच्या खिशात गेली, आणि ताबा घेतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मृग लागणार. चार महिने पगार, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता आपल्या खिशातून. बँकेकडून एक कोटी दहा टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता १ लाख ३२ हजार पडतो, म्हणजे नुसत्या पावसाळ्यात सव्वापाच लाख. म्हणून खरेदीखत सप्टेंबरच्या शेवटी आणि ताबा दिवाळीच्या आधी, असं मागायचं. विक्रेत्याने दिवाळीची बुकिंगं आत्ताच घेतली असतील, तर त्यांची आगाऊ रक्कम किमतीतून वजा झाली पाहिजे. अन्न परवाना जुन्या मालकाच्या नावावर चालत नाही, तो आपल्या नावाने नवा काढावा लागतो. प्रदूषण मंडळाची संमती आणि अग्निशमनाचे कागदही आपल्या नावावर करून घ्यावे लागतात. त्यालाही हे चार महिने उपयोगी पडतात.

पावसाळ्याची सहा लाखांची रक्कम बाबांना जास्त वाटेल, म्हणून सांगते. मेच्या शेवटी पश्चिमेच्या भिंतींना झडी, म्हणजे पावसाचा मारा अडवणारे आडोसे, लावायच्या, पूर्वी सगळीकडे गवताच्या असत, आता बरेच जण प्लास्टिक ताणतात. गवत महाग पडतं, पण भिंतीला वारा लागू देतं. प्लास्टिकच्या आत घाम धरतो. पत्र्यांचे हुक आणि वॉशर बदलायचे. गाद्या भिंतीपासून सुट्या, उभ्या ठेवायच्या. फ्रिज पुसून दारं उघडी ठेवायची. दर आठ दिवसांनी उघडीप बघून सगळ्या खोल्या उघडायच्या. त्यासाठी दोन माणसं पावसाळाभर तिथं ठेवावीच लागतात. शोषखड्डाही जुलैतच तपासायचा. जमीन पाण्याने भरली की तो पाणी घेत नाही आणि तळमजल्याच्या संडासातून उलटा येतो.

गंमत अशी, की एवढ्या पावसाच्या गावात मेमध्ये पाणी विकत घ्यावं लागतं. एका पाहुण्याला दिवसाला १८० लिटर धरा. बारा खोल्यांत तिघं-तिघं धरून ३६ माणसांचे साडेसहा हजार, स्वयंपाकघर आणि नोकर धरून आठ हजार. विहीर आत्ता किती भरलीय, हे या आठवड्यात दोरीला दगड बांधून मोजून ठेवा. मे महिन्यातली ही एकच पाहणी खरी कामाची.

आई, तुला ती जागा का आवडली ते मला समजतं. सगळी नातवंडं सुट्टीत एका छपराखाली, हे तुझं कितीतरी वर्षांचं मनात आहे. पण सगळ्यांना सुट्टी असते तेव्हाच तिथं हंगाम असतो, आणि त्या पन्नास रात्री एकही खोली घरच्यांना देता येणार नाही, हे आत्ताच बोललेलं बरं. बाबांच्या गुडघ्यांना त्या बावीस जांभ्याच्या पायऱ्या झेपणार नाहीत, पावसात त्यांवर शेवाळं धरतं. घ्यायचंच ठरलं तर पहिला खर्च कठडा आणि उतार. राहता फ्लॅट मात्र कुठल्याही परिस्थितीत विकायचा नाही, यावर मी हट्ट धरणार आहे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी चार दिवस रजा टाकली आहे. वाईला मुक्काम करू आणि उजेड असेपर्यंतच पसरणीचा घाट चढू-उतरू, धुक्यात रात्री नको. विहिरीचं माप, मूळ नकाशाची साक्षांकित प्रत आणि तीन वर्षांची वीजबिलं एवढं तोपर्यंत जमवा. एजंटाचा फोन आला तर 'मुलीला विचारून सांगतो' म्हणा. बाबा, मोठी टॉर्च आणि रबरी तळव्याचे बूट काढून ठेवा.

तुमची,
सोनू