स्टिकरवर 3 दात, पात्यावर 10: माझे पैसे परत करा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: बँडसॉची चुकीची पाती आणि आज सकाळचा फोन

तुमच्या ग्राहक सेवेशी आज पाचव्यांदा बोललो. आता फोन करणार नाही, लेखी देतोय.

मी कोल्हापुरात लाकडी वाडगे कातून विकतो. आंब्या-फणसाच्या ओल्या ओंडक्यातून चार इंच जाडीचे गोल तुकडे बँडसॉवर, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीवर, काढायचे आणि कातायला लेथवर चढवायचे, हे रोजचं काम. त्यासाठी तुमच्याकडून चार सुती (अर्धा इंच) रुंद, इंचाला 3 दात असलेली स्किप टूथ, म्हणजे विरळ दातांची, पाती मागवली होती, तीन नग. ओला भुसा जड आणि चिकट असतो, तो बाहेर पडायला दोन दातांमधली खाच मोठीच लागते. पाती बनवणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

पाकिटावर 3 चा स्टिकर होता, म्हणून विश्वासानं पातं चढवलं. अर्धा गोल फिरायच्या आत खाचा भुशानं गच्च भरल्या, धूर निघाला, कापाची कड काळी पडली. पातं आत वाकलं आणि तुकडा मधोमध पोट सुटल्यासारखा फुगीर निघाला. मग पट्टी लावून मोजलं. इंचाला 10 दात! तिन्ही पाती तशीच.

आजचा फोन. तुमचा माणूस म्हणाला, "सर, सिस्टिमला 3 च दिसतंय." मी म्हटलं, पातं माझ्या हातात आहे. तो म्हणाला, "परत एकदा मोजा." मी फोन स्पीकरवर ठेवून एकेक दात मोठ्यानं मोजला, एक ते दहा. शेजारच्या गाळ्यातली दोन पोरं ऐकत उभी होती. मोजून झाल्यावर तो म्हणाला, "मग जास्तच मिळाले की सर, तुमचा फायदाच झाला. मशीन तपासून घ्या." वीस वर्षं हातात लाकूड धरणाऱ्या माणसाला हे ऐकवलंत. बारीक दात पातळ प्लायला चालतात, चार इंच ओल्या लाकडाला नाही, एवढंही फोनवर बसणाऱ्याला शिकवलेलं नाही?

तुमच्याशी या वादात 19 दिवस गेले, तोवर ओंडके वाळायचे थांबले नाहीत. टोकांना मेण लावलं, गोणपाटाखाली ठेवले, तरी उन्हानं फणसाचे दोन ओंडके गाभ्यापासून उलले. त्यातून आता वाडगा निघत नाही. ऑर्डर गेली ती वेगळीच.

आणि परत सांगतो, स्टिकरवर 3 आणि पात्यावर 10. ही चूक तुमच्या पॅकिंगची आहे, माझ्या मशीनची नाही. इतकी वर्षं दुसऱ्या कुणाचं पातं चढवलं नाही, उद्यमनगरात ओळखीच्यांनाही तुमचंच नाव सांगत आलो. त्याचं आता वाईट वाटतंय.

तिन्ही पात्यांचे पूर्ण पैसे परत करा आणि चुकीची पाती तुमच्या खर्चानं उचलून न्या. 15 दिवसांत झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. "धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही" हे तिथं सांगू नका. 2019 च्या कायद्यात स्वतः राबून पोट भरणारा ग्राहकच धरलाय. बिल, स्टिकर आणि पट्टी लावून काढलेले फोटो सोबत जोडलेत. फोटोतले दात तरी मोजा.

लाकूड कातकाम करणारा तुमचा ग्राहक,
कोल्हापूर